ॲसिटोनमध्ये वीस मिनिटं

सोमवारी सकाळी सव्वाआठला तीन नंबरच्या लाइनवरच्या पाइपची फाक ॲसिटोनमध्ये सोलून निघाली, आणि अर्लीन मेटोयेला आधी वाटलं की आपल्या चष्म्याचा नंबर वाढला.

तिनं चिमट्यानं फाक बाहेर काढून खिडकीपाशी धरली. पिण्याच्या पाण्याचा निळा सहा इंची पाइप, त्याची तळहाताएवढी फाक. आतल्या बाजूनं पापुद्रे सुटले होते, उन्हात भाजलेल्या पाठीची कातडी सुटते तसे. बोट फिरवलं तर बोटाला भुगा लागला. चांगल्या पाइपची फाक ॲसिटोनमध्ये फुगते, मऊ पडते, नख दाबलं तर खळगा उमटतो. पण ती अंग सोडत नाही. ही सोडत होती.

दक्षिण लुइझियानात, मार्सेलिन गावाबाहेर, भाताच्या खाचरांच्या मधोमध हा पाइपचा कारखाना होता. अर्लीन तिथे सव्वीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होती. प्रयोगशाळा म्हणजे काय, तर दहा बाय बाराची पत्र्याची खोली. गिऱ्हाईक आलं की दाखवायला ती लागायची, एरवी तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. खोलीतला एसी जुलैत मेला होता आणि ऑगस्टची हवा तिथे ओल्या फडक्यासारखी लटकत होती.

तिनं फोन उचलून तीन नंबरची लाइन लावली. तिथला ऑपरेटर ओरेल सोनिए तिच्याबरोबरच कामाला लागलेला. दोघांनी एकमेकांच्या घरची लग्नं आणि मयतं पाहिलेली.

"ओरेल, आज मशीनला काय केलंस?"

"काय करणार? मशीन मला हातच लावू देत नाही. नव्या नवरीसारखं लाडात आलंय. नुसतं पळतंय."

"तापमान किती ठेवलंस?"

"तेच."

"तेच म्हणजे कोणतं?"

"तेच म्हणजे आठवडाभर आहे तेच. तुला रोज फाक पाठवतोय की मी. आजच काय बोंब झाली?"

"इकडे ये. आणि खात खात येऊ नकोस."

तो खातच आला. मेणकागदात गुंडाळलेलं बूदँ होतं, भात भरलेला तो आतड्याचा सॉसेज त्याला दर सोमवारी लागायचाच. फाक बघून त्याचं चावणं थांबलं.

"ही माझी?"

"तुझीच. गाठ धरलेली नाही. किती पळवतोयस लाइन?"

ओरेलनं तोंड पुसलं. तो तिला कायम 'शेर' म्हणायचा, तिकडच्या फ्रेंचमधलं 'लाडके'. "हे बघ शेर, मला दोष देऊ नकोस. क्लेटन साहेब म्हणाला, लॅब पास करते आहे ना, मग वेग थोडा वाढव. वाढवला. दुसऱ्या दिवशी तू पास केलंस. तो म्हणाला, आणखी वाढव. जास्त पळवलं की आत घासून माल तापतो, पिवळे डाग पडतात. म्हणून माल वितळायचं बॅरल गार करायला सांगितलं. तेही केलं. तू तेही पास केलंस."

"आणि मला कोणी सांगितलं का?"

"तुला काय सांगायचं? तू तर पास करत होतीस."

तो सहज बोलून गेला. अर्लीनला मात्र तोंडावर कोणी ओलं पोतं मारावं तसं झालं. तिनं टेबलावरच्या काचेच्या बरणीकडे पाहिलं. त्या दिवशी सकाळी ॲसिटोनचा नवा डबा आला होता. बरणीचा तळ गढूळ दिसला म्हणून तिनं जुनं सगळं ओतून, बरणी पुसून, नवं भरलं होतं. असं तिनं याआधी कधी केलं होतं, ते तिला आठवेना. एरवी बरणी उणी झाली की वरून भर घालायची, दह्याचं विरजण राखतात तशी. जुने लोक तसंच करायचे, म्हणून तीही करायची.

प्रत्येक पाळीतली एक फाक तारेत ओवून, तारीख घालून ठेवायची पद्धत होती. तिनं शनिवारची फाक काढली, तीच जी शनिवारी पास झाली होती, आणि नव्या ॲसिटोनमध्ये सोडली.

"वीस मिनिटं," ती म्हणाली.

"मला माहीत आहे किती मिनिटं ते."

सतराव्या मिनिटाला शनिवारची फाकही सोलली.

अर्लीननं टाकाऊ डब्यातलं जुनं ॲसिटोन उंच नळीत घेतलं आणि त्यात घनता मोजायचा हायड्रोमीटर सोडला. तो जिथवर बुडायला हवा होता त्याच्या बराच वर तरंगत राहिला. ॲसिटोनमध्ये पाणी होतं, आणि थोडंथोडकं नव्हतं.

ॲसिटोन हवेतली ओल पितं. कोरडं असेल तर ते कच्च्या पाइपला कडकडून चावतं, ओलं झालं की त्याचे दात पडतात. म्हणून बरणीत ओल शोषणारे निळे खडे टाकतात. खडे गुलाबी झाले की समजायचं, त्यांचं पोट भरलं. अर्लीनचे खडे जूनमध्येच गुलाबी झाले होते. तिनं नवे मागितले तर मॅनेजर क्लेटननं चिठ्ठीवर लिहिलं, भट्टीत वाळवून वापरा. लॅबच्या छोट्या भट्टीची कॉइल जळालेली होती. तिनं कॉइल मागितली. उत्तर आलं नाही. बरणीचं झाकण तडकलं, तिनं वर ॲल्युमिनियमचा कागद दाबला. इथवरचं सगळं कारखान्याच्या नावावर टाकता आलं असतं, आणि कारखान्याची लायकी तेवढी होतीच.

पण भिंतीवरच्या तक्त्यात आणखी एक रकाना होता. दर सोमवारी हायड्रोमीटर बुडवायचा आणि आकडा लिहायचा. जूनपासून प्रत्येक सोमवारी तिथे एकच आकडा होता, तिच्याच गोल अक्षरात. ती हायड्रोमीटर बुडवतच नव्हती. वरचा आकडा खाली उतरवत होती. सव्वीस वर्षांत तो कधी बदलला नव्हता, तर आता काय बदलणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. खरं तर तेवढंही धरलं नव्हतं. हात लिहीत होता, इतकंच.

ओरेलनं तक्ता पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. तो सभ्यपणा तिला शिवीपेक्षा जास्त लागला.

*

दुपारपर्यंत तिनं मागच्या अठरा पाळ्यांच्या फाका पुन्हा बुडवल्या. बारा सोलल्या. सगळ्या तीन नंबरच्या, गुरुवार सकाळपासून रविवार रात्रीपर्यंतच्या. बुधवारच्या आणि आधीच्या चांगल्या निघाल्या.

फाका बरणीत असताना तिला हॅरिएट क्लोप्फर आठवली. बऱ्याच वर्षांपूर्वी ओहायोहून आलेली म्हातारी रसायनवाली. साहेब लोकांना तिनं पडद्यावर चित्रं दाखवली, ते पेंगले. नंतर लॅबमध्ये कॉफी पिता पिता तिनं अर्लीनला तेच सगळं स्वतःची पांढरी वेणी सोडून समजावलं होतं.

व्हिनाइलची, म्हणजे पीव्हीसीची, भुकटी येते तेव्हा तिच्या प्रत्येक दाण्यात लांबलचक साखळ्या असतात, केसांसारख्या. बहुतेक केस गुंतवळ. पण मध्येमध्ये चार केस एकमेकांना लागून नीट सरळ बसतात आणि तिथे घट्ट होतात. तो बारीकसा स्फटिक. शंभरातले जेमतेम आठ-दहा भाग असे असतात, बाकी सगळा गुंता. पण त्या आठ-दहा भागांच्या गाठींवर सगळा पाइप उभा असतो. भुकटीत या गाठी आपापल्या दाण्यापुरत्या असतात. मशीननं काय करायचं, तर दाणे तापवून, रगडून फोडायचे. म्हणजे जुन्या गाठी सुटतात, एका दाण्यातला केस शेजारच्या दाण्यात शिरतो. मग पाइप गार होताना पुन्हा गाठी बसतात, आता दोन घरांचे केस एकत्र धरून. म्हणून तो पाइप. ऊब कमी पडली की जुन्या गाठी सुटतच नाहीत. दाणे एकमेकांना चिकटून उभे राहतात, इतकंच. बाहेरून रंग तोच, चकाकी तीच, जाडी मापात.

"आणि तापमान फार झालं तर?" अर्लीननं तेव्हा विचारलं होतं.

"तर जळून आम्लाची वाफ निघते आणि तुझ्या मालकाचं मशीन गंजतं," म्हातारी म्हणाली होती. "म्हणून त्यांना जास्त तापण्याची भीती जन्मभर वाटते. कमी तापल्याची कोणाला वाटत नाही. कमी तापलेला पाइप लगेच फुटत नाही ना."

लगेच फुटत नाही, हाच सगळा घात होता. चरात टाकून पाण्याचा दाब दिला तर असा पाइप दाब सोसतो. वर्ष सोसतो, पाच वर्षं सोसतो. मग कधीतरी खालच्या दगडाचा टोचा त्याला सहन होत नाही. किंवा नव्या घराला नळ द्यायला कोणी चरात उतरून, वाहत्या पाइपला भोक पाडायला घेतो, आणि पाइप उभा फाटून सगळा दाब त्या माणसाच्या छातीवर येतो. त्याच्या मयतात कोणी म्हणत नाही की अमुक साली अमुक गुरुवारी बॅरल गार होतं.

*

क्लेटन रूथ, कारखान्याचा मॅनेजर, अडतीस वर्षांचा होता. तो दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर सोपं गेलं असतं, दुष्टाच्या तोंडावर थुंकून निघून येता येतं. क्लेटन वरच्या ऑफिसच्या फोनला घाबरायचा, आणि घाबरलेला माणूस शांतपणे जे करतो ते दुष्टाला सुचतही नाही.

अर्लीननं सोललेल्या बारा फाका त्याच्या टेबलावर मांडल्या. त्यानं खालचा कागद सरकवून घेतला, भुगा लागू नये म्हणून.

"मिस अर्लीन, हा सगळा माल पास झालेला आहे ना?"

"मी पास केला. चूक केली. ॲसिटोन ओलं होतं."

"चाचणी कोणत्या ॲसिटोननं झाली, त्याचा तपशील तक्त्यात आहे. मी पाहिलाय. प्रत्येक सोमवारी आकडा बरोबर आहे."

"तो आकडा खोटा आहे."

"अक्षर तुमचं आहे."

"माझंच आहे. म्हणून तर सांगतेय."

क्लेटननं खुर्ची मागे घेतली. आवाज चढवला नाही. त्यानं कधीच चढवला नव्हता. "आपण असं करू. आजपासून तीन नंबरचा वेग आणि तापमान पहिल्यासारखं. खडे मागवतो, भट्टीही बघतो. तुम्ही मला एक टिपण लिहून द्या, मी ते वर पाठवतो. ते लोक ठरवतील."

"कधी ठरवतील?"

"दोन आठवडे. तीन."

"आणि माल कुठे आहे?"

"गेला. पाणी विभागाची घाई होती, तुम्हाला माहीत आहे."

"म्हणजे ते ठरवतील तेव्हा पाइप मातीखाली असेल."

"मातीखालीच जायचा असतो पाइप," क्लेटन म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. मग हळूच म्हणाला, "मिस अर्लीन, हे बाहेर गेलं तर पहिलं नाव कोणाचं येईल? माझं नाही येणार. मी तर लॅबच्या भरवशावर होतो. ओरेल लॅबच्या भरवशावर होता. मी तुम्हाला धमकी देत नाहीये."

"धमकी नाहीये, माहीत आहे मला. हिशेब बरोबर सांगताय तुम्ही." ती फाका गोळा करू लागली. "फक्त एक सांगा मिस्टर क्लेटन. त्या पाण्याच्या लाइनवर तुमचं घर असतं तर?"

"माझ्या घरी विहीर आहे," तो म्हणाला, आणि त्यात काही चुकलं असं त्याला वाटलं नाही.

*

ओरेल पार्किंगमध्ये तिच्या पिकअपला टेकून उभा होता.

"काय म्हणाला?"

"वर पाठवतो म्हणाला."

"म्हणजे गेलं कचऱ्यात." त्यानं टोपी काढून आतला घाम पुसला. "शेर, मी तुला काही करू नकोस असं सांगायला थांबलो होतो."

"मग सांग."

"सांगणार होतो. की बॅरल माझ्या हातानं गार केलं. की मुलीचा संसार माझ्याच घरात आहे. की या परगण्यात दुसरा कारखाना नाही. सगळं पाठ करून आलो होतो." तो जमिनीकडे बघत राहिला. "गुरुवारी पाइप कापताना करवतीचा आवाज वेगळा येत होता. कोरडा, बिस्कीट मोडल्यासारखा. मी ऐकला. म्हटलं, अर्लीन पास करते आहे तर मी कोण मोठा शहाणा."

"आणि मी म्हटलं, ओरेल मशीनवर आहे तर माल खराब येईलच कसा."

"छान. दोघंही एकमेकांवर विसंबून झोपलो." त्यानं टोपी पुन्हा घातली. "ट्रक कूली व्हेर्तला गेले. हायवेच्या पलीकडे, चर्चमागचा रस्ता. मुकादम बतीस्त नावाचा आहे. माझं नाव घ्यायचं असेल तर घे."

"तुझं नाव घ्यायची वेळ आली तर घेईन. आधी माझंच पुरेल."

"तू सव्वीस वर्षांत एकदाही अशी बोलली नाहीस."

"सव्वीस वर्षांत एकदाही माझा माल परत आला नव्हता," ती म्हणाली आणि गाडीत बसली. शेजारच्या सीटवर तिनं ॲसिटोनची बरणी पट्ट्यानं बांधली, लहान मुलाला बांधतात तशी. बरणीला नवं झाकण नव्हतंच. घरच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण तिनं सकाळी आणून बसवलं होतं, आणि ते घट्ट बसलं होतं. जूनमध्येही बसलं असतं.

*

कूली व्हेर्तचा रस्ता उकरलेला होता. एका बाजूला मातीचे ढीग, दुसऱ्या बाजूला निळ्या पाइपांच्या थप्प्या, मधे कमरेइतका खोल चर. पोकलेनचा ड्रायव्हर सावलीत बसला होता, दोघं जण चरात पाइप जोडत होते. मुकादम टायरी बतीस्त पन्नाशीचा, रुंद, तोंडात सिगारेट.

"आधी ती सिगारेट विझवा," अर्लीन बरणी घेऊन उतरत म्हणाली. "माझ्या हातात ॲसिटोन आहे."

बतीस्तनं सिगारेट लांब फेकली. "दुपारी दोन वाजता नखांचं पॉलिश काढायला आलात, मिस?"

चरातले दोघं हसले.

"पाइप तपासायला आले. मार्सेलिनच्या कारखान्यातून. थप्पीतला एक तुकडा कापून द्या."

"कारखान्यानं पाठवलं?"

"नाही."

बतीस्तनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कारखान्याचा निळा डगला, पायात घरचे बूट, केसांना जाळी अजून तशीच. "मग कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. या मालातला काही कच्चा आहे असं माझं म्हणणं आहे. तुम्ही कापा, मी दाखवते. चुकीचं निघालं तर चरातल्या लोकांना आठवडाभर माझ्यावर हसायला मिळेल."

"ते फुकटही हसतात," बतीस्त म्हणाला. पण त्यानं हाताखालच्याला खूण केली.

अर्लीन थप्पीपाशी वाकली. प्रत्येक पाइपवर तारीख, पाळी आणि लाइन छापलेली असते. तिनं शुक्रवार दुपारचा पाइप दाखवला. करवत चालली. ओरेल म्हणाला होता तसाच आवाज आला, कोरडा. फाक पांढऱ्या धुळीनं माखून निघाली. तिनं ती पुसली, बरणीत सोडली, झाकण लावलं आणि घड्याळ पाहिलं.

"आता वीस मिनिटं."

"वीस मिनिटं माझी माणसं उभी राहणार?"

"बसू द्या त्यांना. बसलेल्या माणसाच्या छातीवर पाइप फाटत नाही."

यावर बतीस्त हसला नाही. तो मातीच्या ढिगावर बसला, ती पिकअपच्या मागच्या फळीवर. पोकलेनवाला बर्फाच्या पेटीतून थंड पेयाच्या बाटल्या घेऊन आला आणि न विचारता एक तिच्या हातात दिली.

"किती टाकलाय?" तिनं विचारलं.

"मैलभर झाला. अर्ध्याहून जास्त बुजवला. गुरुवारी दाब द्यायचा आहे." बतीस्त चराच्या टोकाकडे बघत म्हणाला, "तुम्हाला एक विचारतो. पाइपाच्या टोकाला उतार घासतो ना आम्ही, तेव्हा चांगल्या पाइपची लांब, वळलेली चुरी निघते, सुतार रंधा मारतो तशी. शनिवारपासून नुसता भुसा निघतोय. मी पातं बदललं. दोनदा बदललं."

"तिसऱ्यांदा काय करणार होतात?"

"पातंवाल्याला शिव्या देणार होतो." त्यानं ढिगातलं एक ढेकूळ बोटांनी चुरडलं. "पातंच खराब असेल हे मानायला सोपं जातं. पातं बदललं की काम पुढे चालतं."

चरातला एक जण, डिआंद्रे नावाचा उंच गडी, चराच्या काठावर हात टेकून ऐकत होता. "मिस, पाइप कच्चा म्हणजे नक्की काय? पाइप काय बटाटा आहे?"

"बटाट्याचंच समज," अर्लीन म्हणाली. "उकडून नीट कुस्करला तर गोळा होतो. अर्धा कच्चा कुस्करला तर दाबून गोळा दिसतो, पण आत प्रत्येक फोड आपापली. जरा जोर दिला की त्याच जागेवर फुटतो. पाइप गार होताना आत बारीक गाठी बसाव्या लागतात. याच्यात बसल्या नाहीत. त्याला बसायला ऊबही दिली नाही आणि वेळही दिला नाही."

"कोणी दिला नाही?"

"लाइन पळवायची होती सगळ्यांना."

"आणि तपासणारा कोणी होता की नाही?" डिआंद्रेनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो खरंच विचारत होता. नळाची जोडणी करायला चरात उतरणारा तोच होता, हे तिला त्याच्या कमरेच्या भोक पाडायच्या यंत्रावरून दिसत होतं.

हा प्रश्न येणार, हे तिला माहीत होतं. गाडीत येताना तिनं उत्तर तीन तऱ्हांनी जुळवून पाहिलं होतं. एकात खड्यांची चिठ्ठी होती, एकात भट्टी, एकात क्लेटन. तिन्ही खरी होती.

"होता," ती म्हणाली. "मीच होते. माझं ॲसिटोन ओलं होतं आणि मी ते तपासलं नाही. तपासलं असं लिहिलं मात्र."

पोकलेनवाल्यानं बाटली तोंडापासून खाली घेतली. डिआंद्रे तिच्याकडे बघत राहिला, मग मुकादमाकडे.

"किती आठवडे?" बतीस्तनं विचारलं.

"जूनपासून. कच्चा माल फक्त चार दिवसांचा. पण माझी चाचणी जूनपासून खोटी होती."

"आणि हे तुम्ही इथे येऊन सांगताय."

"ज्याला सांगायला हवं होतं त्याच्या घरी विहीर आहे."

बतीस्तला ते कळलं नाही, तिनंही समजावलं नाही. बरणीच्या काचेतून फाक दिसत होती. बाराव्या मिनिटाला तिच्या आतल्या कडेनं एक पापुद्रा सुटला आणि तळाशी जाऊन बसला. मग दुसरा.

"झालं की," पोकलेनवाला म्हणाला.

"अजून आठ मिनिटं."

"डोळ्यांनी दिसतंय, बाई."

"दिसू दे. वीस म्हणजे वीस."

सगळे बरणीभोवती उभे राहिले, भर उन्हात, टोप्या मागे सारून. विसाव्या मिनिटाला तिनं फाक बाहेर काढली आणि डिआंद्रेच्या हातमोज्यावर ठेवली. त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं. आतला थर चुऱ्यासारखा सरकला. त्यानं अंगठा पँटला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला.

बतीस्त उठून पाणी विभागाला फोन करायला बाजूला गेला. तो बराच वेळ फोनवर होता, बहुतेक वेळ ऐकतच होता. परत आला तेव्हा त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

"उकरायचं म्हणताहेत. सगळं नाही. फक्त कच्चं. कोणतं कच्चं ते तुम्ही सांगा म्हणताहेत, आणि त्याखाली सही करा."

"करते."

"तुमची सही कशी असते ते आता आख्ख्या परगण्याला कळणार, मिस."

"कळू दे."

तिचा फोन वाजला. क्लेटन. तिनं तो उचलला. "मी कूली व्हेर्तला आहे," ती म्हणाली, "आणि आता चरात उतरतेय, मला ऐकू यायचं नाही." तिनं फोन सीटवर टाकला आणि डिआंद्रेनं पुढे केलेल्या हाताला धरून खाली उतरली. चिखल घोट्यापर्यंत आला.

उघड्या पाइपांवर छपाई मातीनं झाकली होती. ती एकेक पाइप हातानं पुसत, कोड मोठ्यानं वाचत पुढे सरकू लागली. बतीस्त वरून लाल रंगाचा डबा आणि तिनं लिहून दिलेली यादी घेऊन चालत होता.

"शनिवार सकाळ, तीन नंबर."

फुली.

"शुक्रवार रात्र, तीन नंबर."

फुली.

"शनिवार दुपार, एक नंबर. हा चांगला. एक नंबर पळवली नव्हती."

सोडला. चार, पाच, सहा, सात. तिची कंबर भरून आली, तरी ती थांबली नाही. आठव्या पाइपवर तिनं माती पुसली आणि वाकूनच राहिली.

"बुधवार रात्र, तीन नंबर," ती म्हणाली. बुधवारच्या फाका तिनं सकाळी नव्या ॲसिटोनमध्ये घातल्या होत्या आणि त्या टिकल्या होत्या. पण फाक पाळीतून एकच निघते. पाळी आठ तासांची. ओरेल म्हणाला होता, वेग थोडा थोडा वाढवत गेलो. रात्रीच्या माणसानं कितव्या तासाला वाढवला, कोणाला ठाऊक. फाक कितव्या तासाची होती, हेही तिनं कधी विचारलं नव्हतं.

"हा ठेवू?" बतीस्तनं वरून विचारलं. त्याच्या हातातला ब्रश थेंब गाळत होता. "तुमच्या यादीत बुधवार चांगला आहे."

"यादीत आहे."

"मग खात्री आहे ना तुमची?"

सव्वीस वर्षं तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. विचारण्याची गरजच कोणाला वाटली नव्हती, तिला स्वतःलाही नाही.

"नाही," अर्लीन म्हणाली. "करवत इकडे दे, डिआंद्रे. याची फाक कापू."